कपाटाचा चौथा पाय

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. साष्टी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाची संपूर्ण गोपनीयता गेली सव्वीस वर्षं माझ्या पोटात कुलूपबंद आहे. हे कुलूप कंगव्याने उघडतं.

कंगवा जयंती मॅडमचा. त्या आमच्या विभागाच्या अधीक्षक. माझ्या किल्ल्या तशा तीन होत्या. एक हरवली. दुसरी उपकुलसचिव साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि त्या ड्रॉवरची किल्ली हरवली. तिसरी एका कपाटात सुरक्षित ठेवलेली आहे, आणि ते कपाट मीच. म्हणून कंगवा.

आमचं विद्यापीठ उपनगरांसाठी काढलेलं आहे. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या मुलांना पदवीसाठी दक्षिणेकडे जावं लागू नये, असा उदात्त हेतू होता. जागा मिळाली ती घाटकोपर आणि चेंबूर यांच्या मधोमध. घाटकोपरचे रिक्षावाले म्हणतात, ते चेंबूरला आहे. चेंबूरचे म्हणतात, ते घाटकोपरला आहे. त्यामुळे आमचे विद्यार्थी चालत येतात. पदवी आमची घेतात आणि लग्नपत्रिकेत छापताना विद्यापीठाचं नाव गाळतात. मी हे मनावर घेत नाही. लक्षात मात्र ठेवतो.

माझा जन्म साकीनाक्याचा. तिथल्या एका अरुंद गाळ्यात पत्रा कापून, वाकवून, ठोकून मला उभं केलं. मला घडवणाऱ्या कारागिराचे हात चांगले होते. त्याने माझे तीन पाय जाड नट-बोल्ट लावून असे पक्के बसवले, की आजही जागचे हलत नाहीत. मग त्याची जेवणाची सुट्टी झाली. चौथा पाय दुसऱ्याच कोणीतरी वेल्डिंगचा एक टिपका देऊन चिकटवला आणि मला टेम्पोत चढवलं. कपाटाला चार पाय असावेत असं टेंडरमध्ये लिहिलं होतं. ते किती दिवस असावेत, हे लिहिलं नव्हतं.

विद्यापीठात माझं स्वागत थाटात झालं. पहिल्या कुलगुरूंनी माझ्या दारावर स्वस्तिक काढलं, गंध लावलं आणि नारळ फोडला. तो नेमका चौथ्या पायाशी फोडला. सगळं पाणी तिथेच मुरलं. पुढे त्या पायाला जो गंज चढला तो कुठून सुरू झाला, याबद्दल माझा संशय पक्का आहे. पण ज्यांच्याबद्दल आहे त्यांचं तैलचित्र सभागृहात लागलेलं असल्यामुळे मी गप्प बसतो.

मित्रांनो, मी जन्मतः संशयी नव्हतो. पत्रा हा मुळात भोळा असतो. पण परीक्षा विभागात राहून भोळं राहणं कठीण. आमच्याकडे विद्यार्थी कॉपी करतात असा प्राध्यापकांना संशय असतो. प्राध्यापक पेपर न वाचताच गुण देतात असा विद्यार्थ्यांना संशय असतो. दोघं मिळून काहीतरी करतात असा आमच्या विभागाला संशय असतो. म्हणून प्रत्येक पाकिटावर लाल लाख लागते, लाखेवर शिक्का बसतो आणि शिक्का कोणी मारला त्याची सही वेगळ्या वहीत घेतली जाते. ती वहीसुद्धा माझ्यातच असते. जयंती मॅडम स्वतःच्या साखरेच्या डब्याला कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर सही करतात. मुलुंडच्या घरून पावणेदहाला येतात आणि आधी ती पट्टी तपासतात, मग हजेरी लावतात.

माझे चार कप्पे आहेत. सगळ्यांत वर परिपत्रकं. ती कोणी वाचत नाही, म्हणून मी त्यांना सगळ्यांत सुरक्षित कागद समजतो. दुसऱ्यात शिक्के, लाख, मेणबत्त्या. तिसऱ्यात हमीपत्रं. चौथ्यात मॅडमचा साखरेचा डबा, चमचा, आणि हळदीकुंकवाला उरलेल्या वाट्या.

अकरा वर्षांपूर्वी माझा चौथा पाय गळून पडला. आवाज फारसा झाला नाही. दुरुस्तीसाठी अर्ज गेला. उत्तर आलं की एका पायाची दुरुस्ती कोणत्याही सदरात बसत नाही. चारही पाय मोडल्यास कपाट भंगारात काढून नवीन मागवता येईल. तेव्हापासून मी तीन पायांवर, भिंतीला खांदा टेकवून उभा होतो. दार उघडलं की मी पुढे झुकायचो. माणसं मागे सरायची आणि मला शिव्या द्यायची. एकटा धाकू द्यायचा नाही.

धाकू आमचा शिपाई. मूळचा कणकवलीकडचा. त्याचे वडील परळला गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा धाकू दहावीत होता आणि तिथेच थांबला. माझ्याच वर्षी तो विद्यापीठात लागला. दार उघडताना तो डावा हात माझ्या खांद्यावर ठेवायचा आणि हळूच म्हणायचा, "रव रे, रव." मालवणीत याचा अर्थ थांब. मी थांबायचो. दसऱ्याला माझ्या मुठीला झेंडूची माळ घालायचाही तोच. बाकीच्यांच्या माळा कॉम्प्युटरला.

त्याची एकुलती एक मुलगी जान्हवी. राहायला भटवाडीत, शिकायला मुलुंडच्या कॉलेजात, आणि विषय तत्त्वज्ञान. सबंध विद्यापीठात तत्त्वज्ञान घेणारे त्या वर्षी सात जण होते आणि सातही त्याच कॉलेजचे. धाकूला हा विषय काय असतो हे कोणी विचारलं की तो सांगायचा, "विचार करूचा असता. पगार माहीत नाय." पण सांगताना मान ताठ असायची. नियमाप्रमाणे 'माझी पाल्य या परीक्षेस बसत आहे' असं हमीपत्रही त्याने स्वतःहून लिहून दिलं. ते माझ्या तिसऱ्या कप्प्यात गेलं. नियम पाळणाऱ्याचं काय होतं ते पुढे येईलच.

एप्रिलमध्ये त्या सात जणांचा सहावा पेपर झाला. पेपरचं नाव ज्ञानमीमांसा. पहिला प्रश्न होता, 'संशय हे ज्ञानाचे साधन आहे. चर्चा करा.' आमच्या विभागाला आयतं उत्तर लिहिता आलं असतं.

कॉलेजचा माणूस ते सात उत्तरपत्रिकांचं पाकीट घेऊन आला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. जयंती मॅडमनी पर्स खांद्याला लावली होती.

"पाच वाजले," त्या म्हणाल्या. "आवक वही बंद."

"मॅडम, मुलुंडहून आलोय. रस्ता खोदलाय."

"रस्ता मी खोदलाय का? धाकू, घ्या ते. उद्या सकाळी नोंदवू."

आमच्याकडे उशिरा आलेल्या पाकिटांसाठी एक जुनी सोय आहे. माझ्या शेजारी एक लाकडी स्टूल असतं. पाच वाजल्यानंतर आलेलं पाकीट त्यावर ठेवायचं आणि सकाळी नोंदवायचं. हे कुठल्या परिपत्रकात नाही, पण सव्वीस वर्षं सगळे करत आलेत. धाकूने पाकीट स्टुलावर ठेवलं, त्यावर पेपरवेट ठेवला आणि दिवा मालवून गेला.

दुसऱ्या दिवशी मूल्यांकन समिती यायची होती. बाहेरून मोठी माणसं येणार, विद्यापीठाला श्रेणी देणार. सकाळी सव्वानऊलाच उपकुलसचिव मार्तंड साहेब विभागात फेरी मारायला आले. त्यांचे बूट मला दिसण्याआधी ऐकू येतात. धाकूला त्यांनी घाटकोपर मार्केटमध्ये हार आणि गुच्छ आणायला पिटाळलं होतं. मॅडम अजून मुलुंडहून यायच्या होत्या. विभागात होत्या फक्त मालनबाई. त्या ठेकेदाराच्या सफाईवाल्या, केर काढत होत्या. साहेबांनी सहज म्हणून माझ्या दारावर हात टेकला. मी पुढे झुकलो.

"अरे!" साहेब किंचाळले. "हे समितीच्या अंगावर पडायचं! सबंध श्रेणी जाईल!"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. हाताशी आलं ते स्टुलावरचं पाकीट. पेपरवेट बाजूला काढला, पाकीट खाली टाकलं आणि बुटाच्या टोकाने ढकलत ढकलत माझ्या चौथ्या पायाच्या जागी सारलं. मग मला थोडं हलवून पाहिलं.

मी सरळ उभा राहिलो.

मित्रांनो, अकरा वर्षांनी दोन्ही खांदे एका पातळीत आल्यावर काय वाटतं, हे तुम्हाला समजणार नाही. माझी दारं आपोआप बरोबर मिटली. आतले शिक्के एका रेषेत आले. समिती दुपारी आली, माझ्यासमोर चार मिनिटं उभी राहिली आणि अहवालात लिहून गेली, 'कार्यालयीन व्यवस्था स्थिर आढळली.' ते वाक्य विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अजून आहे.

त्या सकाळी साडेदहाला धाकू हार घेऊन परतला तेव्हा स्टूल रिकामं होतं. त्याला वाटलं, मॅडमनी नोंदवलं. मॅडमना वाटलं, धाकूने थेट स्कॅनिंगच्या खोलीत दिलं. स्कॅनिंगच्या खोलीत काही वाटायची पद्धत नाही. आणि साहेबांना काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. तो जुना रद्दी कागद आहे असं त्यांना खरंच वाटलं असेल. लाखेवरचा लाल शिक्का दिसला नसेलही. मला संशय आहे, एवढंच.

जूनच्या शेवटी निकाल लागला. सहाव्या पेपरात सातही विद्यार्थी गैरहजर.

बाकीच्या सहांपैकी चौघांनी मुकाट्याने नोव्हेंबरच्या परीक्षेचे फॉर्म भरले. तत्त्वज्ञान शिकल्यामुळे त्यांना आपण त्या दिवशी हजर होतो की नाही याचीच खात्री वाटेना. दोघं आधीच नोकरीला लागले होते. भांडायला आली ती एकटी जान्हवी. तिला बाहेरच्या राज्यातल्या एका विद्यापीठात एम.ए.ला जागा मिळाली होती, वसतिगृहासकट. अट एकच. एकतीस जुलैपर्यंत उत्तीर्ण झाल्याचं गुणपत्रक दाखवायचं. नाही दाखवलं तर जागा पुढच्या मुलीला.

ती पहिल्यांदा खिडकीशी आली तेव्हा तिच्या हातात कॉलेजच्या हजेरीपटाची प्रत होती. सात सह्या.

"मॅडम, हे बघा ना. आम्ही बसलो होतो."

जयंती मॅडमनी प्रत उजेडाकडे धरली. "सह्या काय गं, कोणीही करतं. कॉम्प्युटर गैरहजर म्हणतो. त्याचं काय वैर आहे तुझ्याशी?"

"मग आमचे पेपर कुठे गेले?"

"आलेच नाहीत. आवक वहीत नोंद नाही. बघ." आणि मॅडमनी वही उघडून दाखवली. खरंच नोंद नव्हती. पाच वाजून गेले होते ना.

मग मॅडमची नजर हजेरीपटावरच्या नावावर थांबली. त्या उठल्या, कंगव्याने मला उघडलं, तिसऱ्या कप्प्यातून धाकूचं हमीपत्र काढलं आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. त्यांचा चेहरा साखरेची पट्टी फाटलेली सापडल्यासारखा झाला.

"धाकू! ही तुमची मुलगी?"

"होय मॅडम. मीच लिहून दिलंय."

"तेच तर म्हणते मी. स्वतःहून कशाला लिहून दिलंत?"

सव्वीस वर्षांत हमीपत्र दिलं नाही म्हणून कोणावर कारवाई झाल्याचं मला आठवत नाही.

चौकशी नेमली गेली. एकसदस्यीय. सदस्य, उपकुलसचिव मार्तंड साहेब. त्यांनी माझा परिसर 'घटनास्थळ' म्हणून जाहीर केला, खडूने चौकट आखली आणि स्टुलावर बसून कामाला सुरुवात केली.

"धाकू, पाकीट शेवटचं कुठे पाहिलंत?"

"स्टुलावर, साहेब."

"ते स्टूल आता कुठे आहे?"

"तुम्ही बसलायत तेच, साहेब."

साहेब उठले. टेप मागवली. स्टुलापासून दरवाजा सहा फूट दोन इंच. स्टुलापासून खिडकी नऊ फूट. स्टुलापासून मी दोन फूट चार इंच. हे शेवटचं अंतर मोजताना त्यांनी टेपचं टोक माझ्या चौथ्या पायाच्या जागी दाबून धरलं. बोट आणि पाकीट यांच्यात इंचभर अंतर होतं. मी श्वास रोखून धरला. साहेबांनी आकडा लिहून घेतला आणि हात झटकले.

"मुलीला पेपर कठीण गेला होता का?" त्यांनी विचारलं.

"थोडो," धाकू म्हणाला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं.

"अच्छा." साहेबांनी ते अधोरेखित केलं.

त्या दिवसापासून विभागात धाकूकडे कोणी पाकीट देईना. चहा आणायला सांगितला तरी परत आल्यावर कप मोजायचे. जयंती मॅडमनी साखरेच्या डब्यावर दुसरी पट्टी लावली. कँटीनमध्ये कोणीतरी म्हणालं, "पोरीसाठी केलं असेल यार, आपण पण केलं असतं." ते त्याच्या बाजूने बोलत होते. धाकूने ताट तसंच ठेवलं आणि उठला.

आणि मी? मी सरळ उभा होतो. माझं दार उघडताना आता त्याला हात ठेवावा लागत नव्हता. 'रव रे' म्हणावं लागत नव्हतं. मला करकर वाजता आलं असतं, निदान तसा प्रयत्न करता आला असता. मी केला नाही. पाकीट निघालं तर मी पुन्हा लंगडा होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मित्रांनो, दुसऱ्यांवर एवढा संशय घेणाऱ्या मला स्वतःचा संशय यायला महिना लागला.

तो आला सत्तावीस जुलैला. दुपारची जेवणाची सुट्टी होती. मॅडम डबा घेऊन महिला कक्षात गेल्या होत्या. जान्हवी माझ्यासमोरच्या बाकावर बसली होती. रोजच येऊन बसायची. चौकशीचा मसुदा त्या सकाळी टाइप झाला होता. पाकीट विभागात पोचलं होतं, ते धाकूच्या ताब्यात होतं, हेतू स्पष्ट आहे. शिपायास कारणे दाखवा नोटीस द्यावी, विद्यार्थ्यांनी नोव्हेंबरमध्ये पुन्हा बसावं. ती बातमी कारकुनांकडून तिच्यापर्यंत आली होती.

धाकूने तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली. तिने घेतली नाही.

"बाबा, एक विचारू? खरं सांगशील?"

"इचार."

"पेपर कठीण गेला असं मी घरी म्हणाले होते ना. रडले पण होते."

"म्हणालं होतंस."

"म्हणून तू... म्हणजे पेपर हरवले तर बाकीच्या पेपरांच्या सरासरीने तरी बरे मार्क मिळतील असं वाटून..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. धाकूने सवयीने डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. या वेळी मला सावरायला नव्हे.

"तू पण गो, बाय?" तो म्हणाला. "सव्वीस वर्सां मी पेपर उचलतंय. कोणाचा एक पान कधी उलटून बघूक नाय. तुझा तरी कसो बघू?"

जान्हवीने मान खाली घातली. "सॉरी, बाबा."

"सॉरी नको. इचारलंस ता बरा केलंस. बाकीच्यांनी इचारल्याशिवायच ठरवलां."

त्याचा हात माझ्या खांद्यावरच होता. मित्रांनो, मी तेव्हा हलायचा प्रयत्न केला. जीव तोडून केला. अकरा वर्षं नको तेव्हा हललो. जन्मात पहिल्यांदा मनापासून हलावंसं वाटलं आणि काही केल्या हलता येईना. इतका भक्कम आधार मिळाला होता.

शेवटी मला वाचवलं मालनबाईंनी. त्या सुट्टीतही केर काढायच्या, कारण एरवी लोक पाय उचलत नाहीत.

"पाय वर घे गं पोरी."

जान्हवीने पाय वर घेतले. झाडू बाकाखालून फिरला, माझ्याशी आला आणि चौकटीसारखा वळसा घालून निघून गेला. ती ते बघत होती. रडून झाल्यावर माणूस काहीही बघतो.

"मावशी, कपाटाखाली नाही झाडत?"

"न्हाय. कंत्राटात मोकळी फरशी लिवलीय. कपाटाखालची फरशी मोकळी हाय का?"

"नाही."

"मग? आन् झाडायचं म्हनलं तरी झाडू आडतोय त्या पाकिटाला."

धाकूचा हात माझ्या खांद्यावर होता तिथेच थांबला.

"कुठल्या पाकिटाला?" जान्हवीने विचारलं.

"ते न्हाई का, लाल लाखेचं. सायबांनी बुटानं सारलंय. हारफुलं आनली त्या दिशी."

जान्हवी फरशीवर आडवी झाली. गाल जमिनीला लावला. माझ्या बुडाखाली तिला लाल लाख दिसली. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?"

"मला कुनी इचारलं? चौकशी पगारी मान्सांची हुती. मी ठेकेदाराची." मालनबाईंनी झाडू आपटून धूळ झटकली. "मला वाटलं, ठेवायची तुमची तीच जागा आसंल."

धाकू वाकला आणि हात पुढे केला. जान्हवी ओरडली, "बाबा, हात लावू नको!" तिने मोबाइल काढला. माझे, फरशीचे, पाकिटाचे चारी बाजूंनी फोटो घेतले. पाकिटावर बसलेली धूळसुद्धा जवळून टिपली. "आपण काढलं तर म्हणतील आत्ताच आणून घातलं. त्यांनाच बोलव. सगळ्यांना." तीन वर्षं तत्त्वज्ञान आणि एक महिना परीक्षा विभाग, एवढं शिक्षण पुरेसं झालं होतं.

सगळे जमले. मॅडम हातात चमचा घेऊनच आल्या. मार्तंड साहेब चौकटीच्या आत येऊन उभे राहिले.

"हे इथे कोणी घातलं?" त्यांनी दरडावून विचारलं.

"तुमीच की सायेब," मालनबाई म्हणाल्या.

साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

"मला सुरुवातीपासून संशय होताच," साहेब म्हणाले.

"कोणाचा, सर?" जयंती मॅडमनी विचारलं.

"एकंदरीत."

मला धरायला चौघं लागले. धाकू खांद्याशी होता. "रव रे, रव," तो म्हणाला, आणि जान्हवीने पाकीट ओढून काढलं. मी धाडकन पुढे झुकलो. दार उघडलं आणि वरच्या कप्प्यातला परिपत्रकांचा गठ्ठा साहेबांच्या बुटांवर कोसळला. मॅडमनी तो गोळा केला आणि न वाचता परत कोंबला.

लाख शाबूत होती. पाकिटावर आणि आतल्या सातही उत्तरपत्रिकांवर माझ्या बुडाचा चौकोनी खड्डा पडला होता. त्या खड्ड्यामुळे स्कॅनरने त्या घ्यायला नकार दिला. म्हणून चेंबूरहून एका निवृत्त प्राध्यापकांना बोलावलं, आणि त्यांनी त्या माझ्यासमोर बसून, चष्मा पुसत पुसत, एका दुपारी हाताने तपासल्या. कोणाचा तरी पेपर कोणीतरी सलग वाचताना मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. जान्हवीला शंभरपैकी एकसष्ट मिळाले. तीस जुलैला गुणपत्रक निघालं. एकतीसला तिने ते पाठवलं.

धाकूला द्यायची नोटीस रद्द करण्यात आली. माफी मागायचा नमुना विभागात नसल्यामुळे कोणी मागितली नाही. त्याऐवजी सक्त ताकीद निघाली, की यापुढे स्टुलावर काहीही ठेवू नये. स्टुलाची बदली भांडार विभागात झाली. पाच वाजल्यानंतर आलेलं पाकीट आता कुठे ठेवायचं, हे कळवलेलं नाही.

जान्हवी जायच्या आदल्या दिवशी भेटायला आली होती. बापलेकींनी भटवाडीतून एक वीट आणली होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. धाकूने ती माझ्या चौथ्या पायाच्या जागी सरकवली, हाताने, बुटाने नाही. थोडी उंच झाली आहे. मी आता भिंतीकडे कलतो. माझी तक्रार नाही.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनंती. जुन्या वस्तूंची निगा राखा. पाय मोडला तर पाय बसवा. हाताला लागेल ते खाली सारू नका. काही हरवलं तर आपल्या शिपायावर नजर टाकण्याआधी जमिनीवर टाका. आणि केर काढणाऱ्या बाईला विचारा. तिला रोज सगळं दिसतं.

वरच्या कप्प्यातला तो गठ्ठा अजून तसाच आहे, साहेबांच्या बुटांवर पडला त्याच क्रमाने. वरून तिसरं परिपत्रक दोन वर्षांपूर्वीचं आहे. ज्या विषयास दहापेक्षा कमी विद्यार्थी असतील त्याची लेखी परीक्षा विद्यापीठाने घेऊ नये, महाविद्यालयाने दिलेले गुण तसेच धरावेत, असं त्यात म्हटलं आहे. खाली मार्तंड साहेबांची सही आहे.